उजव्या गुडघ्याचं पाणी

नाही, भाऊ, कागद नाही मिळणार — एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा तुम्ही तेच विचारताय आणि मी तिसऱ्यांदा तेच सांगतेय — आणि ते पाकीट आधी टेबलावरून उचला बघू. तिथे नमुने ठेवतात हो. लोकांच्या गुडघ्यातलं पाणी असतं तिथे, तिथे कुणी पाकीट ठेवतं का? स्टुलावर ठेवा. हं. आणि बसा. उभं राहिलं म्हणून कागद लवकर मिळत नाही, आणि बसलात तर मिळेल असंही नाही, पण बसा. गळ्यात टेप तशीच घेऊन आलात वाटतं — मशीनवरून उठलात ते थेट इकडेच? तुमची लेक सांगत होती, बाबा शिवायला बसले की जेवायचं पण विसरतात. खरंय का? मग आज दुकान टाकून कसे काय आलात? हो, हो, कळलं, निवड चाचणी आहे, लेक लांब उडी मारणार आहे, गुडघा बरा झाल्याचा कागद हवाय. कळलं मला. मी काय बहिरी आहे?

तर ऐका. ही खोली वेगळी आहे. वरती दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे ना — रक्त, लघवी, साखर — तिथे रिपोर्ट मिळतो. शिक्का, सही, सगळं. इथे तळघरात रिपोर्ट मिळत नाही. इथे अभ्यास चालतो. आमच्या छोट्या डॉक्टरांचा — छोटे म्हणजे वयाने, बाकी बोलणं एवढं मोठं की दोन माणसांनी उचलावं — तर त्यांचा अभ्यास. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं की आतल्या पाण्यात काय काय बदल होतात, कधी होतात, किती दिवस राहतात. त्यासाठी पहिल्या आठवड्यात पाणी काढायचं, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. दुखऱ्या गुडघ्याचंही आणि चांगल्या गुडघ्याचंही, म्हणजे ताडून बघता येतं. तुम्हीच सही केलीत की त्या फॉर्मवर, लेक लहान म्हणून. त्यात काय लिहिलंय? वाचलंत? नाही वाचलंत. कुणीच वाचत नाही. त्यात लिहिलंय की यातला कुठलाही आकडा पेशंटला सांगायचा नाही आणि त्यावरून कुठलाही सल्ला द्यायचा नाही. म्हणजे मी कागद देऊ शकत नाही. माझी सही कोण विचारतंय? मी तंत्रज्ञ. एकोणीस वर्षं या खोलीत नळ्या फिरवतेय मी, माझ्या सहीने इथे साधा दिव्याचा बल्ब बदलून मिळत नाही.

बल्बवरून आठवलं — ते वर बघा. छताला. दिसतोय डाग? वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी. ठिबकतं. गेल्या पावणेदोन महिन्यांत तीन अर्ज दिले मी, लेखी, पोच घेऊन. एक माणूस आला, मान वर करून बघितलं, म्हणाला, हो, ठिबकतंय. गेला. अहो, ठिबकतंय हे मला माहीत नव्हतं का? ते सांगायला तू कशाला आलास? बादली लावा म्हणाला. बादली लावा! जिथे पेशंट झोपतो तिथे बादली? मग काय, खाट फिरवली. खाट फिरवली म्हणून — जाऊ दे. ते वेगळं. आपण कागदाचं बोलत होतो.

काय म्हणालात? मी म्हणाले होते?

हं. म्हणाले होते. नाही म्हणत नाही मी. तिला म्हणाले होते की तुझं पाणी छान आहे. पण म्हणणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं. तोंडाने माणूस काय काय म्हणतो. उचलली जीभ लावली टाळ्याला — आणि पोरीने ते घरी जाऊन सांगितलं, आणि तुम्ही ते खरं मानलंत. वरचे मोठे डॉक्टर, हाडांचे, ज्यांची फी भरून तुम्ही दाखवलंत, ते काय म्हणाले होते? सहा महिने उडी नाही. म्हणाले होते की नाही? लिगामेंट अर्धं फाटलंय, ऑपरेशन टळतंय का बघू, व्यायाम करा, सहा महिन्यांनी या. मग त्यांचं सोडून तळघरातल्या मावशीचं कशाला ऐकलंत? नाही, हसू नका, मी गंमत करत नाहीये. हे असंच आहे आपल्याकडे, डॉक्टर नको म्हणाला की वाईट, आणि झाडूवाल्याने हो म्हटलं की तो देवमाणूस.

अहो, सूज गेली म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं. हेच तर सगळ्यांना वाटतं. तुम्हाला सांगते, शिंपी आहात, कळेल तुम्हाला — बाहेरून शिवण सरळ दिसते, इस्त्री मारलेली, आणि आतून टाका उसवत चाललेला असतो. हो ना? तसं. लिगामेंट फाटतं तेव्हा आत रक्त उतरतं. पहिल्या आठवड्यात सुई घातली की पाणी लालभडक येतं, तिथे काही परीक्षा घ्यावीच लागत नाही. मग ते रक्त हळूहळू जिरतं, सूज उतरते, पोरगं म्हणतं मी बरा झालो. पण पाण्यात काय चाललेलं असतं? दाहाची रसायनं उसळलेली असतात, शंभर पट, दोनशे पट, ती आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येतात, पण तळाला जात नाहीत. आणि त्यांच्या मागून येतात ती एन्झाइमं. त्यांचं काम काय, तर हाडावरची जी गादी असते ना, कूर्चा, तिचे धागे कुरतडायचे. ती महिनोन् महिने कुरतडत बसतात. आवाज नाही, दुखणं नाही, काही नाही. त्या कुरतडलेल्या गादीचा चुरा पाण्यात सापडतो आम्हाला, मशीन मोजून सांगतं. आणि पाण्याचा जो बुळबुळीतपणा असतो, वंगणाचा, तो तुटतो. चांगल्या गुडघ्याचं पाणी थेंबभर चिमटीत धरलं आणि बोटं फाकवली की तार येते. पाकाची तार बघतो ना, तशी. आणि बिघडलेल्या गुडघ्याचं? पाण्यासारखं पाणी. टपकन तुटतं. यात मशीन लागत नाही, मी नुसतं बोटांवर सांगते. छोटे डॉक्टर सुद्धा म्हणतात, मावशींची दोन बोटं आमच्या मशीनच्या आधी बोलतात.

तेच तर झालं ना त्या दिवशी, तीन आठवड्यांपूर्वी, सहा आठवड्यांचं पाणी काढलं तेव्हा. ती झोपली होती त्या खाटेवर, सुई काढल्यावर दहा मिनिटं झोपून राहायचं असतं, आणि तिला कुठली दहा मिनिटं निघायला — नाकतोडा आहे ती, आमच्याकडे सगळे तिला नाकतोडाच म्हणतात — तर मान उचलून मला म्हणाली, मावशी, कसं आहे हो माझं पाणी? भाऊ, एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते. लोक येतात, घाबरलेले असतात, सुई किती मोठी विचारतात, दुखेल का विचारतात, बस किती वाजता सुटते ते सुद्धा विचारतात. पाणी कसं आहे हे कुणी नाही. डॉक्टरसुद्धा आकडा विचारतात, पाणी नाही विचारत. आणि ही एवढीशी पोर विचारते, आणि विचारून पुन्हा म्हणते, तुम्हाला कळत असेल ना नुसतं बघून? मग काय! मला चढलं. ग्लोव्ह्जवर थेंब घेतला, उजव्या गुडघ्याचा, दुखऱ्या, तिच्या डोळ्यांसमोर बोटं फाकवली — आणि ही अशी तार! दोन बोटं लांब. मी म्हटलं, अगं, याला म्हणतात पाणी, असलं तर धडधाकट माणसाचंही नसतं. तिने टाळ्याच वाजवल्या.

तर असं म्हणाले मी. पण कागद नाही. नियम म्हणजे नियम. तुम्ही तिला सांगा, मावशीने कागद दिला नाही, मावशी खडूस आहे, काय वाटेल ते सांगा, माझ्यावर ढकला सगळं. पुढच्या वर्षी असेलच की चाचणी. काय वय आहे तिचं? सोळा. सोळाव्या वर्षी कसली घाई? चार महिने अजून थांबा, मग मोठ्या डॉक्टरांकडून कागद घ्या, शिक्क्यासकट. हे मी तुम्हाला बहीण म्हणून सांगतेय. जा घरी. दुकान उघडं टाकून आला असाल.

आता हे कशाला उघडताय? नको म्हटलं ना — अहो, राहू दे — अरे! हा एप्रन आहे. पांढरा. तुम्ही शिवलात? माझ्यासाठी? आणि माप कुठून मिळालं? तिने नजरेने घेतलं? खांदे तेवढेच आहेत हो, तंतोतंत. आणि दोन्ही बाजूंना खिसे. आमच्या सरकारी एप्रनला एकच खिसा, तोही डावीकडे, मी एकदाच बोलले असेन तिच्यापुढे. ही पोर म्हणजे ना — नाही. नाही घेता येणार मला. घडी करा. भाऊ, मी हात जोडते, घडी करा ती आणि परत न्या. नियमात बसत नाही म्हणून नव्हे. नियमात नाहीच बसत, पण — तुम्ही घडी करा ना आधी.

काय? काय म्हणालात? परत बोला.

कागद नसला तरी चालेल? कोण म्हणालं चालेल? प्रशिक्षक? म्हणजे — थांबा, थांबा. तुम्ही कागदासाठी आलात ना? कागद असेल तर बरं, नसला तर प्रशिक्षकांनी तिथे सांगून ठेवलंय. वा! मग आल्यापासून माझं डोकं का खाल्लंत? ती आत्ता कुठे आहे? घरी? मैदानावर! सकाळपासून! आणि उड्या किती वाजता? साडेतीन? आत्ता किती वाजले — ते घड्याळ नका बघू, ते बंद आहे, त्याचाही अर्ज दिलाय — पावणेतीन. अरे देवा. आणि गेले तीन आठवडे काय करतेय ती? सराव? कसला सराव, पूर्ण धावून? उडीसकट? तुम्ही तिला मारू दिल्यात उड्या? कुणाच्या भरवशावर?

हो. माझ्या. कळलं. पुन्हा नका म्हणू.

मला वाटलं कागद नाही दिला की थांबेल ती. माझा आपला साधा हिशोब. कागद नाही, म्हणजे उडी नाही, म्हणजे मला काही बोलायला नको. सकाळी फोन आला तुमचा की दुपारी येतो, तेव्हापासून तेच घोकतेय मी — कागद नाही, नियम आहे, जा. तुमच्यासमोर एवढा वेळ बडबड केली ती काय उगीच? एरवी मी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, विचारा कुणालाही.

खाट फिरवली म्हटलं ना मघाशी. बसा. नाही, बसू नका, उभेच राहा, उभ्यानेच ऐका, वेळ नाही. ही खाट एरवी अशी असते — डोकं त्या भिंतीला, पाय इकडे. मी इथे उभी, पायांशी, ही ट्रॉली माझ्यापुढे. ट्रॉलीत दोन खाचा. डॉक्टर सुई काढून माझ्या हातात देतात, मी नळीत भरते, खाचेत ठेवते. पेशंट समोर झोपलेला, म्हणजे त्याचा उजवा गुडघा माझ्या डाव्या हाताला. उजवा गुडघा, डावी खाच. एकोणीस वर्षं. हाताला आता सांगावं लागत नाही. आणि त्या दिवशी खाट उलटी. ठिबकत होतं म्हणून डोकं इकडे घेतलं, पाय भिंतीकडे. ट्रॉली हलत नाही, तिची वायर पुरत नाही. मग मी उभी राहिले तिच्या डोक्याशी. आता सांगा, तिचा उजवा गुडघा माझ्या कुठल्या हाताला? उजव्या. बरोबर. तुम्हाला कळलं, तुम्ही शिंपी, तुम्ही माणसाला पुढून मागून मोजता. मलाही कळायला हवं होतं. पण डाव्या हाताकडचं पाणी, म्हणजे तिच्या डाव्या गुडघ्याचं, गेलं डाव्या खाचेत. सवयीने. उजवा गुडघा, डावी खाच.

लेबलं आधी चिकटवायची असतात. नळी रिकामी असताना. आणि पेशंटला मोठ्याने विचारायचं, हा कुठला गुडघा, आणि त्याने सांगितल्यावरच भरायची. हा नियम मीच केलाय. मी! तो बघा दारावर लावलेला, माझंच अक्षर. पण प्रिंटर अडकला होता, डॉक्टरांना वर मीटिंग होती, ते म्हणाले मावशी, नंतर लावा, तुम्हाला काय सांगायचं. आणि मलाही बरं वाटलं ते — तुम्हाला काय सांगायचं! मी नंतर लावली, सवयीनेच — डाव्या खाचेतल्या नळीवर उजव्याचं.

म्हणजे काय म्हणजे काय? अहो, मी तिला जी तार दाखवली ती तिच्या चांगल्या गुडघ्याची होती. डाव्याची. उजव्याचं लेबल लागलेल्या नळीत डाव्याचं पाणी होतं. कळलं? तुमच्या लेकीचा दुखरा गुडघा बरा झालेला नाही. छान तर नाहीच नाही. गेल्या आठवड्यात आकडे आले — गादी कुरतडणारं जे एन्झाइम आहे ते चौपट. चौपट! चुरा तिप्पट. आत धुमसतंय सगळं, आणि त्यावर ती तीन आठवडे उड्या मारतेय, कारण एका बाईने तिला बोटांवर तार काढून दाखवली.

आणि त्या आकड्यांचं काय झालं सांगू? हसाल तुम्ही. छोटे डॉक्टर नाचत खाली आले. मावशी, क्रांती झाली! कागदावर काय दिसतंय, तर फाटलेला गुडघा स्वच्छ आणि चांगला गुडघा बिघडलेला. त्यांनी त्यावर शोध लावला — एका गुडघ्याला इजा झाली की दुसरा त्याचा भार घेतो आणि आतून झिजतो. दोन दिवसांत आलेख काढले, रंगीत. आत्ता वर बसून तेच करतायत, परवा कुठल्याशा परिषदेत वाचायचंय. माझं नाव घातलंय त्यात, आभारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एका एसीच्या ठिबकण्यातून शास्त्र निघालं, भाऊ! आणि मी तोंड मिटून त्यांना चहा दिला.

नाही. गेल्या आठवड्यात नाही कळलं मला.

तुम्ही नीट विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर मी इथेच थांबले असते, आकडे आले तेव्हा कळलं असं म्हणाले असते, तेवढं तरी पदरात पडलं असतं माझ्या. त्याच दिवशी कळलं. ती टाळ्या वाजवून गेली ना, त्यानंतर मी नळ्या मशीनमध्ये फिरवल्या, दहा मिनिटं, तो नेमच आहे. बाहेर काढल्या. डाव्याचं लेबल असलेल्या नळीच्या तळाला गंजासारखी एक टिकली. एवढीशी, तिळाएवढी. चांगल्या गुडघ्यात रक्त कुठून येईल? मी स्वतःला म्हटलं, सुई लागली असेल. पण सुईचं रक्त लाल असतं, ताजं. गंजाच्या रंगाचं रक्त जुनं असतं, महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचं, आत जिरत आलेलं. हे मी नव्या मुलामुलींना शिकवते. या खोलीतून सोळा जणांना मी लेबल चुकलं म्हणून रडवून बाहेर काढलंय, सोळा. आणि माझ्या हातात ती नळी होती, आणि रजिस्टर समोर होतं, शेऱ्याचा रकाना रिकामा होता, आणि मी काही लिहिलं नाही. नळी फ्रीजरमध्ये ठेवली. का? आता का म्हणून काय सांगू? पोर नुकतीच गेली होती हो. जिन्यात तिचा आवाज येत होता, फोनवर तुम्हालाच सांगत होती बहुतेक. त्यावेळी नुसतं दार उघडून हाक मारायची होती. ए नाकतोडे, परत ये, माझं चुकलं. एवढंच. नाही झालं माझ्याच्याने. मला लाज वाटली. एका सोळा वर्षांच्या पोरीपुढे मला लाज वाटली, आणि मग रोज वाटलं उद्या फोन करू. नंबर आहे माझ्याकडे. रोज.

बोला ना. शिव्या घाला.  तुम्ही ओरडलात तर मला बरं वाटेल, पण मला बरं वाटावं म्हणून थांबायला वेळ नाही आता — काढा फोन. लावा तिला. वाजतोय? उचलत नाही. बॅगेत असेल, बूट घालायला गेली असेल. प्रशिक्षकांना लावा. बंद! असणारच, चाचणी आहे, सगळे प्रशिक्षक बंद करून बसलेत. परत लावा लेकीला. अहो, परत!

ऐका. मैदान किती लांब? वीस मिनिटं रिक्षाने? मग बस नका बघू, रिक्षा करा. आणि तिथे गेल्यावर तिला समजावत बसू नका, पाणी, नळी, उजवा, डावा — ती वाद घालेल, म्हणेल मला दुखत नाहीये बाबा, आणि तिला दुखत नसेलच, तेच तर. पहिल्या उडीला काही होणार नाही कदाचित. दुसरीलाही नाही. पण जे अर्धं शिल्लक आहे ते गेलं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन करूनही ती गादी परत येत नाही, कुणी परत आणू शकत नाही, मी एकोणीस वर्षं बघतेय. तिला एवढंच म्हणा, मावशी चुकली. ती खोटं बोलली म्हणालात तरी चालेल.

नाही, मी नाही येत तुमच्याबरोबर. तुमचं माझं तिथे कोण ऐकणार? शिंपी आणि तळघरातली बाई. दारावरचा माणूस आत सोडायला पाच मिनिटं लावेल. त्यांच्याकडे डॉक्टर असतो मैदानावर, तो आमच्याच मोठ्या डॉक्टरांचा विद्यार्थी, त्यांचा फोन तो उचलतो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला उतरवू नका, तर तिथले लोक काय वाट्टेल ते करून थांबवतील. आणि मोठे डॉक्टर फोन करण्याआधी विचारणार, का? म्हणजे आधी छोट्यांना सांगायला हवं. हो, त्यांच्या रंगीत आलेखांसमोरच. मग दोघांसमोर रजिस्टर ठेवायला हवं. रिकाम्या रकान्यासकट.

जाते मी. लिफ्ट बंद आहे, चार जिने आहेत, पण जाते. काय? माझ्या नोकरीचं? अहो, तुम्ही माझ्या नोकरीचं काय विचारताय आता — वेडे आहात का तुम्ही? दोन मिनिटांपूर्वी कळलंय तुम्हाला मी तुमच्या पोरीचं काय केलं ते! त्या वेळात दारापर्यंत पोचला असता. माझ्याकडे बघू नका असं. मला भीती वाटतेय, झालं समाधान?  आता जा. डावीकडून, डावीकडून जिना — मागचा, तो रस्त्यावर निघतो. जा ना, भाऊ. तीन वाजले. जा.